थोसेघरच्या वर एक रात्र, एकट्यानं (आणि पाण्याची फजिती)

हिंडफिऱ्या | रविवार, रात्री ९:५०

रामराम मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, शुद्धलेखन पोटात घाला.

मी साताऱ्यातच वाढलो. अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर हे सगळं शाळा बुडवून झालेलं. पण कायम चार टाळकी बरोबर. एकट्यानं दिवसभर चालायचं, अंधार पडला की आहे तिथं तंबू ठोकायचा आणि सकाळी उठून परत यायचं, हे मनात बरीच वर्षं होतं. बायकोला म्हणलं तर ती म्हणाली जा, पण दर दोन तासानं मेसेज टाकायचा आणि सकाळी आठपर्यंत फोन नाही आला तर मी पोलिसात जाणार. ठरलं. डिसेंबरातला शनिवार, पोवई नाक्यावरनं पहाटे पाचला निघालो. पाठीवर साडेअकरा किलो, त्यात तीन लिटर पाणी.

रूट साधा: बोगद्यातनं बाहेर, सज्जनगड, तिथनं थोसेघर, आणि वर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर मुक्काम. ह्याला जंगल ट्रेक म्हणू नका, निम्मा रस्ता डांबरीच आहे, जिथं वळणं तोडायला पाऊलवाट मिळाली तिथं तोडली. ज्यांना कडे चढायचेत त्यांनी हा धागा इथंच सोडावा. मला चालायचं होतं.

बोगदा ओलांडला तेव्हा काळोखच होता. एक गंमत सांगतो, ज्या रस्त्यानं आयुष्यभर गाडीवरनं गेलो तो पायी कळलाच नाही. कुठं थंड हवेचा झोत येतो, कुठं उसाच्या फडातनं गरम वास येतो, कुठली कुत्री नुसती भुंकतात आणि कुठली खरंच मागं लागतात. (दुसऱ्या प्रकारची दोन भेटली. हातात काठी असली की काम भागतं, मारावी लागत नाही.)

सज्जनगडावर पावणेनऊला. समाधीचं दर्शन घेतलं, मागच्या बाजूला धाब्याच्या मारुतीपाशी बसून भाकरी, खर्डा आणि दोन उकडलेली अंडी... नाही नाही, अंडी गडावर नाही, ती खाली उतरल्यावर. उरमोडीचं पाणी खाली निळंशार पसरलेलं, अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर मागं दिसत होता आणि मनात आलं की मी तिथनं आलोय, पायांनी. महाप्रसादाची वेळ दुपारची. थांबलो असतो तर जेवून तिथंच आडवा झालो असतो.

गड उतरून थोसेघरची वाट धरली. चढ लांबलचक आहे, अंगावर येत नाही पण संपतही नाही. एक वाजता थोसेघर. धबधब्याला डिसेंबरात धार बारीक असते, बघायला कोण नव्हतं, टपरीवाला पेपर वाचत बसलेला. चहा, भजी, परत चहा. इथं मी गाढवपणा केला. बाटल्या भरून घ्यायच्या सोडून म्हणलं पठारावर तळं आहे, मॅपवर निळा ठिपका दिसतोय, उगा तीन किलो वजन कशाला वर न्यायचं. लिटरभर ठेवलं आणि निघालो.

तीनला ठिपक्यावर पोचलो. तळं म्हणजे भेगाळलेला चिखल, त्यात म्हशींच्या खुरांचे खड्डे आणि एका खड्ड्यात वाटीभर हिरवं पाणी, त्यावर डास. माझ्याकडं अर्धा लिटर उरलेलं. सूर्य सहाला मावळणार. आजूबाजूला नुसता जांभा दगड, वाळलेलं गवत आणि पवनचक्क्या. पात्यांचा आवाज लांबनं छान वाटतो, खाली उभं राहिलं की कुणीतरी मोठ्ठी ताडपत्री झटकतंय असं वाटतं, थांबतच नाही.

तेवढ्यात एक मावशी गवताचा भारा घेऊन आल्या. विचारलं, मावशी पाणी कुठं मिळंल? त्यांनी भारा न उतरवताच सांगितलं, "वर कुठलं आलंय पानी आता? दिवाळी झाली की संपतंय. खाली कड्याच्या बुडाला झरा हाय, जांभळीखाली. जावा तसंच." म्हणजे जेवढं चढून आलो त्यातलं बरंचसं परत उतरायचं.

उतरलो. पस्तीस मिनिटं. जांभळ सापडलं, आणि कातळाच्या फटीतनं करंगळीएवढी धार. कुणीतरी त्या फटीत जांभळाचं पान खोचून वर चपटा खडा ठेवलेला, म्हणजे पाणी दगडावरनं ओघळून वाया न जाता पानाच्या टोकावरनं सरळ बाटलीत पडावं. पान हिरवं होतं, त्याच दिवशी सकाळी बदललेलं असणार. एक लिटर भरायला चार मिनिटं. पाच लिटर भरेपर्यंत मी त्या पानाकडंच बघत बसलो. निघताना जरा धक्का लागून पान पडलं, तर दुसरं तोडून लावायला मला तीन प्रयत्न लागले, एवढं सोपं नाही ते.

वर पोचेस्तोवर अंधार. वाटेत वाडीवर एका घरी विचारलं, वरच्या माळावर तंबू टाकू का, जमीन कुणाची? म्हणाले आमच्याच भावकीतली आहे, टाका, पण इस्तू पेटवू नका, गवत वाळलंय. इस्तू पेटवायचा नव्हताच, छोटा गॅस होता. वारा सुटलेला म्हणून दगडी बांधाच्या आडोशाला जागा धरली. जांभ्यात खुंटी जात नाही हे वाचलेलं होतं, तरी दोन वाकडी करून बघितलीच. मग दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. मॅगी, राहिलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी. साडेआठला झोपायच्या पिशवीत शिरलो.

साडेदहाला कुत्रं भुंकलं आणि तंबूवर बॅटरीचा झोत. "कोन हाय रं?"

बाहेर आलो तर डोक्याला मफलर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी असे एक सत्तरीचे तात्या आणि त्यांचा नातू. वाडीत कुणीतरी त्यांना सांगितलेलं की एक माणूस एकटाच माळावर गेलाय.

"येकटाच?"
"हो."
"का?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं. म्हणलं, असंच, चालत आलोय साताऱ्यासनं. तात्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, तंबूकडं बघितलं. मग हळू आवाजात, नातवाला जरा लांब उभं करून, "घरात भांडून आलायसा का? जीव-बीव द्यायचा इचार न्हाई न्हवं?"

मी हसलो तर ते हसले नाहीत. म्हणाले घरी फोन लावा. रेंज चांगली होती. पावणेअकराला बायकोला फोन, स्पीकरवर. तात्या म्हणाले, "बाई, हे तुमचं मालक हितं माळावर झोपल्यात, तुमास्नी म्हाइत हाय का?" ती म्हणाली, "माहितीये. भांडण झालंय, पण ते गिझरवरनं. त्यासाठी नाही गेलेत ते." तात्यांचं समाधान झालं.

मग म्हणाले, आता हा तंबू हितनं हलवा. का? तर काठीनं बांधाच्या दगडांकडं दाखवलं, "फुरशाचं घर हाय ते. उनात बाहीर, रातीला आत. तुमी त्येच्या दारात निजलाय." फुरसं म्हणजे विषारी साप. म्हणजे अख्ख्या माळावर वाऱ्यापासनं वाचायला जी एकच जागा मी हुशारीनं शोधलेली, तीच. तिघांनी मिळून तंबू उचलून पंधरा-वीस पावलं मोकळ्यावर नेला. तिथं रात्रभर वाऱ्यानं असा काही फडफडला की झोप झाली असेल तीन तास. पहाटे खिशातल्या तापमापीत ९ डिग्री. कापड आतनं ओलं, पिशवीचं तोंड ओलं, नाक गार.

पण तीन वाजता बाहेर आलो तेव्हा मृग नक्षत्र पश्चिमेला कललेलं, त्याच्या मागं व्याध, आणि पवनचक्क्यांच्या माथ्यावरचे तांबडे दिवे लुकलुकत होते. थंडीनं दात वाजत होते तरी दहा मिनिटं उभा राहिलो.

सकाळी तात्यांच्या घरी म्हशीच्या दुधाचा चहा. पैसे विचारले नाहीत, विचारायचं धाडस झालं नाही. फोननं ३४ किमी दाखवले, त्यातले तीनेक पाण्यापायी.

प्रश्न विचारा, शिव्या पण चालतील.

---

वाळवा_एक्सप्रेस | रविवार, रात्री १०:१५

लैच भारी! वाखुसा (वाचनखूण साठवली). "भांडण झालंय पण ते गिझरवरनं" ला फुटलो. वहिनींना दंडवत.

फोटू कुठायत?

---

हिंडफिऱ्या | रविवार, रात्री १०:२२

फोटो चढत नैत राव, साईज मोठी आहे म्हणतंय. उद्या बघतो. गिझर अजून बंदच आहे.

---

पाटणचा_पोरगा | रविवार, रात्री ११:०५

लेख आवडला, पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला पाहिजे होती म्हणून लिहितो, राग मानू नये. हे वाचून उद्या दहा पोरं तंबू घेऊन निघतील आणि त्यातली चार पश्चिमेच्या बाजूला जातील. तिकडं कोयना अभयारण्य आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा, तंबू बिंबू तर लांबच. वासोट्याला सुद्धा बामणोलीतनं परवानगी घेऊन जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, मुक्काम नाही. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्यानं बंद आहे, तुम्ही इस्तू केला नाही ते बरं केलं.

आणि बिबट्याला भिऊ नका पण अस्वलाला भ्या. आमच्या भागात जुनी माणसं वाघाचं नाव हसत घेतात, अस्वलाचं नाही. गवा रात्री शेतात उतरतो, हेडलाईट डोळ्यावर मारू नका, गुपचूप बाजूला व्हा.

---

हिंडफिऱ्या | रविवार, रात्री ११:३०

अजिबात राग नाही. मी खाजगी मालकीच्या माळावर, विचारून झोपलो होतो, पण लेखात ते एका ओळीत उरकलं हे खरं. ज्यांना जायचंय त्यांनी आधी हद्द कुठनं सुरू होते ते वाडीत विचारून घ्या, मॅपवर ती रेघ दिसत नाही.

---

निवृत्त_नाना | सोमवार, सकाळी ७:४०

मी तीस वर्षे डोंगर चढलो. एकट्याने जाणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे असे माझे स्पष्ट मत. पाय मुरगळला असता तर? झऱ्याकडे उतरताना घसरला असता तर? मग गावातली पोरे रात्री दोऱ्या घेऊन तुम्हाला शोधणार, स्वतःचा जीव धोक्यात घालून, आणि पेपरात बातमी. ह्याचे कौतुक करू नका.

---

वाळवा_एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ८:१०

नाना, ग्रुपनं जाणारे काय कमी पडतात का? मागच्या पावसाळ्यात आमच्याच ग्रुपातला एक सेल्फी काढताना घसरला. बरोबर अकरा जण होते. अकराच्या अकरा फोटो काढत होते.

---

निवृत्त_नाना | सोमवार, सकाळी ८:२५

तो मूर्खपणा वेगळा, हा वेगळा.

---

हिंडफिऱ्या | सोमवार, दुपारी १:१५

नाना, तुमचं म्हणणं टाळत नाही. झऱ्याकडं उतरताना मलाही हेच वाटत होतं. तीन वाजता, तहानलेला, घाईत, अनोळखी उतार, ह्यालाच अपघात म्हणतात, फक्त तो झाला नाही एवढंच. एकट्यानं जाण्यापेक्षा पाणी न भरता जाणं ही माझी चूक मोठी होती असं माझं मत, कारण बाकीचं सगळं त्याच्यातनं सुरू झालं. पाणी असतं तर उजेडात जागा शोधली असती, बांधाच्या कुशीत शिरलो नसतो.

आणि खरं सांगू का, एकटा होतो कुठं? मावशींनी पाणी दाखवलं, वाडीनं जागा दिली, तात्यांनी रात्री येऊन तपासलं. मी आपला एकटा म्हणून घरनं निघालेलो.

---

मिरजकरीण | सोमवार, दुपारी ३:००

हा धागा बायकांच्या बाजूनं पण वाचायला पाहिजे म्हणून लिहिते. मी एकटी चालते. दंडोबा, सागरेश्वरच्या आसपास, शिराळ्याकडं गुढे-पाचगणीचं पठार, सगळं एकटीनं, पण दिवसा. तंबूत एकटी कधीच झोपले नाही आणि झोपणारही नाही, आणि त्याचं कारण बिबट्या नाही. शनिवारी रात्री पठारावर बाईकवरनं येणारी टोळकी आणि त्यांच्या बाटल्या, हे कारण आहे. तुमच्या तंबूवर बॅटरीचा झोत पडला तेव्हा तुम्ही बाहेर आलात. मी बाहेर आले असते का? आत बसून फोन हातात घेऊन थरथरत राहिले असते. तोच तात्या, तीच बॅटरी.

मी काय करते ते सांगते. दुपारी चारच्या आधी वाडीत पोचायचं. ज्या घरासमोर म्हातारी निवडत टिपत बसलीय तिथं जाऊन पाणी मागायचं. पाणी पिऊन झालं की ती विचारतेच, कुठनं आलीस, एकटीच का, लग्न झालंय का. दहा मिनिटं उत्तरं द्यायची. मग विचारायचं, आजी आज तुमच्या सोप्यात झोपू का? आजपर्यंत एकदाही नाही म्हणालेल्या नाहीत, उलट एका आजीनं मला आतल्या खोलीत झोपवून स्वतः दारात अंथरूण टाकलं. सकाळी चहापत्ती, साखर असं काहीतरी ठेवून यायचं, पैसे दिले तर त्यांना वाईट वाटतं.

चांदणं बघायला मिळत नाही हे खरं. सोप्याच्या पत्र्यातनं जेवढं दिसतं तेवढंच.

---

हिंडफिऱ्या | सोमवार, दुपारी ३:४०

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला पाहिजे. "तोच तात्या, तीच बॅटरी" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी हा प्रसंग ऑफिसात दहा जणांना विनोद म्हणून सांगितलाय.

---

कृष्णाकाठ | सोमवार, संध्या. ५:२०

अवांतर: सागरेश्वरला आत मुक्काम करता येईल का? लहानपणी सहलीला गेलेलो.

---

मिरजकरीण | सोमवार, संध्या. ५:५५

नाही. अभयारण्य आहे, कुंपण आहे, दिवसा जायचं आणि परत फिरायचं. सांबर, चितळ दिसतात. उघड्या बोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी मागं लागून ते जंगल उभं केलंय, तिथं तंबूचे खिळे ठोकायची इच्छा पण होऊ नये.

---

वैद्यबुवा | सोमवार, रात्री ९:३०

फुरशाबद्दल. तात्यांना साष्टांग नमस्कार. साप छोटा असतो, हातभर सुद्धा नाही, मातकट, जांभ्यावर दिसतच नाही. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतो. तो आवाज आला की जागच्या जागी थांबा, तो कुठाय ते बघा आणि मग मागं सरका.

चावला तर: कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही. अंगठी, घड्याळ, बूट काढायचे, तो हात किंवा पाय लाकडाला बांधून हलणार नाही असा ठेवायचा आणि १०८. आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चारींवर चालतं, त्यामुळं साप मारून पिशवीत घेऊन यायची गरज नाही (येतात लोक, अजूनही येतात, आणि कधी कधी तो मेलेला नसतो). फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. आम्ही काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो, नळी तिरकी केल्यावर पातळच राहिलं तर समजायचं विष भिनलंय. म्हणजे चावल्यावर तासभर "मला काय होत नाही" वाटलं तरी ते खरं नसतं. हिरड्यातनं रक्त दुसऱ्या दिवशीही येऊ शकतं.

एकटा माणूस असेल तर सगळ्यात अवघड काय, तर न चालणं. चालल्यानं विष लवकर पसरतं, आणि एकट्याला चालल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून फोनची बॅटरी राखून ठेवा, गाणी ऐकत संपवू नका.

---

भूजल_भाऊ | मंगळवार, सकाळी १०:१०

मावशींनी चार वाक्यात आमचा एक अख्खा धडा सांगितला. सड्यावरचा, म्हणजे पठारावरचा, जांभा स्पंजासारखा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातनं झिरपत खाली जातं आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर किंवा घट्ट काळ्या कातळावर येऊन अडतं. मग आडवं सरकत सरकत कड्याच्या बुडाला बाहेर पडतं. त्यामुळं माथा दिवाळीनंतर कोरडा ठणठणीत आणि कड्याखाली झरा मात्र पुढं बराच काळ चालू. वाड्या बघा कुठं वसल्यात, माथ्यावर कमी, कड्याच्या पायथ्याला जास्त.

मॅपवरचे निळे ठिपके बहुतेक उपग्रहाच्या चित्रावरनं काढलेले असतात. चित्र ऑक्टोबरातलं असलं तर तळं, मार्चमधलं असलं तर माळ. डिसेंबरनंतर कड्याच्या खाली जांभूळ, उंबर असली पाणी धरणारी झाडं हिरवीगार झुपक्यानं कुठं उभी आहेत ते वरनं बघायचं आणि तिकडं उतरायचं.

पाणी गाळून, औषध टाकूनच प्या. वर म्हशी चरतात आणि जांभा गाळणी म्हणून फारसा कामाचा नाही, भोकं मोठी असतात.

---

वाळवा_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ११:३०

माहितीपूर्ण +१. हिंडफिऱ्या, त्या झऱ्याचं लोकेशन टाका ना इथं. जानेवारीत आम्ही आठ जण जाणार आहे.

---

हिंडफिऱ्या | मंगळवार, दुपारी १२:०५

टाकतो, पिन केलेली आहे.

---

पाटणचा_पोरगा | मंगळवार, दुपारी १२:१२

नका टाकू. हात जोडून सांगतो.

वाळवाकर, तुमच्यावर रोख नाही. पण करंगळीएवढी धार आहे, लिटरला चार मिनिटं. आठ जण प्रत्येकी चार लिटर म्हणजे दोन तासाच्या वर. तेवढ्या वेळात खालच्या वाडीतली बाई हंडा घेऊन आली तर ती उभी राहणार का तुमच्या मागं लायनीत? आणि लोकेशन एकदा इथं पडलं की पुढच्या डिसेंबरात तिथं प्लास्टिक असणार, चटणीच्या पुड्या असणार आणि ते पान नसणार. कासचं बघितलंत ना. फुलं आधीपण फुलत होती, आपल्यालाच माहीत होती. जागतिक वारसा झाला, गर्दी झाली, शेवटी कुंपण घालायची वेळ आली, तिकीट आलं.

---

वाळवा_एक्सप्रेस | मंगळवार, दुपारी १२:४०

म्हणजे तुम्ही स्थानिक म्हणून तुम्हाला पाणी आणि आम्ही सांगलीकडचे म्हणून आम्हाला नाही? डोंगर कुणाच्या बापाचा आहे का? आम्ही कचरा करणारे आहोत हे परस्पर कसं ठरवलं?

---

पाटणचा_पोरगा | मंगळवार, दुपारी १:००

डोंगर कुणाच्या बापाचा नाही, झरा मात्र कुणाच्या तरी आईनं रोज पान लावून सांभाळलाय. तुम्ही विचारून जा की, मावशी सांगतील. त्यांनी ह्यांना सांगितलंच ना.

---

निवृत्त_नाना | मंगळवार, दुपारी २:१५

ह्या मुद्द्यावर मी पाटणकरांशी सहमत. धाग्याचा काश्मीर होण्याआधी, म्हणजे भांडण चिघळण्याआधी, थांबा.

---

हिंडफिऱ्या | मंगळवार, रात्री ९:१०

दिवसभर कामात होतो, आत्ता वाचलं. लोकेशन टाकत नाही. वाळवाकर, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही गेलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः येतो बरोबर. पण आठ जणांनी थोसेघरातनंच पाणी भरून घ्या. मी सुद्धा तेच करायला पाहिजे होतं, तिथं टपरीवर भांडंभर पाणी समोर दिसत होतं.

---

वाळवा_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री ९:४५

ठीकाय. पाच-पाच लिटर घेऊन चढतो, आमच्यातला एक जण तालमीत जातो त्याला दहा देऊ. तुम्ही या नक्की. रागावलो नाही, जरा झणका आला एवढंच.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:००

मला सामानाबद्दल विचारायचंय. पहिल्यांदा घेतोय. तंबू कसला, झोपायची पिशवी किती डिग्रीची, बूट कुठले? बजेट कमी आहे.

---

हिंडफिऱ्या | मंगळवार, रात्री १०:३५

तंबू दोन माणसांचा साधाच, पण दुहेरी कापडाचा. एकेरी कापडाचा घेऊ नका, सकाळी आतनं पाऊस पडतो. माझ्या दुहेरीला पण आतनं ओल आली कारण वाऱ्याच्या भीतीनं सगळ्या खिडक्या बंद केलेल्या. थोडी फट ठेवायचीच. पिशवी दहा डिग्रीची म्हणून विकत घेतली, नऊला थंडी वाजली, म्हणजे त्यांचा आकडा आणि आपली हाडं ह्यात पाच डिग्रीचा फरक धरायचा. खरी चूक खालच्या गादीची. पातळ फोमची होती, थंडी वरनं नाही, दगडातनं येते. पुढच्या वेळी खाली घोंगडं. तात्यांच्या खांद्यावर होतं ते उगाच नव्हतं.

खुंट्यांऐवजी सात-आठ मीटर जादा दोरी घ्या, सड्यावर धोंडेच कामाला येतात. बूट जुने, सवयीचे. नवे बूट घालून तीस किमी चालू नका, फोड आले की डोंगर दिसत नाही.

खायला चूल-बिल मांडायची हौस करू नका. ज्वारीची भाकरी दोन दिवस टिकते, खर्डा चार दिवस.

---

मिरजकरीण | मंगळवार, रात्री १०:५०

शिट्टी राहिली. हाक मारून घसा बसतो, शिट्टी लांब जाते. आणि निघताना घरच्यांना नुसतं "डोंगरावर" सांगू नका, शेवटची वाडी कुठली ते सांगा. शोधायला येणारा माणूस तिथनंच सुरुवात करतो.

---

हिंडफिऱ्या | पुढचा रविवार, संध्या. ७:२०

धागा वर काढतोय. आज सकाळी एसटीनं परत गेलो होतो, तात्यांना बॅटरी द्यायला (त्यांच्या जुन्या बॅटरीला रबरबँड लावलेला त्या रात्री बघितलेला), आणि त्यांच्या घरच्या आजींना पाव किलो कंदी पेढे. तात्या शेतात होते, आजी भेटल्या. पेढे घेतले, बॅटरी घेतली, चालू-बंद करून बघितली आणि पहिलाच प्रश्न, "गिझर झाला का नीट?"

नातवाबरोबर झऱ्यावर पण गेलो. धार अजून आहे, जरा बारीक झालीय. माझं पान काढून टाकलेलं होतं, दुसरं लावलेलं. मी उलटं लावलेलं म्हणे, देठ आत पाहिजे, टोक बाहेर.

---

वाळवा_एक्सप्रेस | पुढचा रविवार, संध्या. ७:४५

झाला का पण गिझर?

---

हिंडफिऱ्या | पुढचा रविवार, संध्या. ७:५०

उद्या येतो म्हणालाय मेस्त्री.